सत्तर ग्रॅमचा पेशंट

“मी याला जरा मागे घेऊन जाते हं, दोन मिनिटांत आणते.” प्राण्यांच्या दवाखान्यात नर्सच्या तोंडी हे वाक्य दिवसातून कितीतरी वेळा येतं. मालक मान डोलावतो, दार लोटलं जातं आणि बाहेर बसलेल्याच्या डोक्यात नाही नाही ते विचार सुरू होतात. मागे म्हणजे कुठे? तिथे नेमकं काय करतात? तो ओरडला का आत्ता?

लंडनच्या पश्चिमेला, ट्रेनने अर्ध्या तासावरच्या एका गावात मी अशाच मागच्या खोलीत काम करते. कुत्री-मांजरं आमच्याकडे येतातच, पण ससे, गिनीपिग, हॅमस्टर, जर्बिल असे चिल्लर पेशंटही बरेच येतात. या चिल्लरांच्या बाबतीत मागच्या खोलीचं गुपित असं की, निम्म्या वेळा तिथे काहीच होत नाही. मोठा दिवा घालवायचा, डब्यावर टॉवेल टाकायचा आणि गप्प उभं राहायचं. बाहेर कुत्रं भुंकत असतं, ते थांबेपर्यंत आम्हीही थांबतो. कधी कधी तर आत आणायचं कारण प्राणी नसतोच, मालकाचे थरथरणारे हात असतात. हे आम्ही बाहेर सांगत नाही.

यातला माझा लाडका पेशंट जर्बिल. वजन सत्तर ते शंभर ग्रॅम, केसाळ शेपूट, तिच्या टोकाला झुपका, लांब मागचे पाय आणि भलती चौकस वृत्ती. मूळचा मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या माळांवरचा. १८६६ साली आर्मां दाविद या फ्रेंच पाद्र्याने त्याचे नमुने चीनहून पॅरिसला धाडले, तेव्हा युरोपला तो पहिल्यांदा कळला. १९३५ मध्ये जपानी संशोधकांनी अमूर नदीच्या खोऱ्यात २० जोड्या पकडून प्रयोगशाळेत वाढवल्या. त्यांच्या वंशातल्या ११ जोड्या १९५४ मध्ये अमेरिकेत गेल्या आणि १९६४ मध्ये काही ब्रिटनला आल्या. प्रयोगशाळेतून तो शाळेत शिरला, शाळेतून मुलांच्या हट्टाने घरात. पाणी कमी पितो, त्यामुळे पिंजऱ्याला वास कमी, म्हणून आयाही फार कटकट करत नाहीत. कॅलिफोर्नियात मात्र आजही तो पाळायला बंदी आहे. निसटला तर तिथल्या कोरड्या रानात वस्ती करील आणि शेतीच्या मुळावर येईल, ही भीती.

थोडक्यात, आज घरोघरी असलेली जर्बिलं त्या मूठभर जोड्यांची नातवंडं-पणतवंडं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना फिट येते. अनोळखी जागा, अनोळखी वास, अचानक उचलणं, एवढं निमित्त पुरतं. कान मागे जातात, अंग ताठ होतं, मिशा थरथरतात, आणि मग प्राणी पुतळा होऊन बसतो. आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीच्या हातात पहिल्याच दिवशी असं झालं. ती पांढरीफटक. जर्बिल एक-दोन मिनिटांत उठून मिशा साफ करायला लागलं, पोरीला मात्र साखर घालून चहा द्यावा लागला. तेव्हापासून नव्या माणसाला आधी हेच सांगतो: फिट आली तर खाली ठेव, हात काढ, काही करू नकोस. म्हणूनच नुसती नखं कापायला कुणी जर्बिल घेऊन आलं की आमच्या डॉक्टर विचारतात, “हे घरी का नाही करत?” त्यांना काम टाळायचं नसतं. घरी त्याला निदान जागा ओळखीची असते.

दातांचं मात्र नेमकं उलटं आहे. आणि लोक नखं कापायला घाबरतात, दातांना मात्र बिनधास्त हात घालतात.

एका शनिवारी एक मराठी गृहस्थ आले. ठाण्याचे, इथे एका बँकेच्या आयटी विभागात. मुलीसाठी दोन जर्बिल घेतलेले. नावं चिवडा आणि भडंग. माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून त्यांनी थेट मराठीतच सुरुवात केली. “ताई, जरा हे बघा.” मोबाइलवर फोटो. जर्बिलच्या ओठाखालचे दात, शेजारी मुलीची शाळेची पट्टी. “खालचे दात वरच्यांच्या तिप्पट लांब आहेत. रंग बघा, पिवळाधम्मक. वाचलंय मी, यांचे दात आयुष्यभर वाढतात. कापावेच लागतील ना? म्हटलं घरीच करून टाकू, पण बायको म्हणाली आधी विचारा.”

बायको शहाणी. कारण त्या फोटोत दिसत होतं ते सगळं ठणठणीत जर्बिलचं लक्षण होतं. उंदरांच्या कुळात खालचे पटाशीचे दात वरच्यांपेक्षा कितीतरी लांब असतात, दोन-तीन पट सहज. रंग पिवळा-नारिंगी, कारण दाताच्या पुढच्या बाजूच्या कठीण थरात लोह असतं. दात पांढरे पडायला लागले तर उलट आम्ही भुवया उंचावतो. (गिनीपिगचे दात मात्र पांढरेच असतात. दोन्ही पाळणाऱ्या घरात यावरून गोंधळ ठरलेला.) तो कठीण थर फक्त पुढच्या अंगाला, मागचा भाग मऊ. वरचे-खालचे दात एकमेकांवर घासले की मागचा भाग आधी झिजतो आणि पुढची कड धारदार राहते. प्राणी निवांत बसलेला असताना दात घासल्याची बारीक करकर ऐकू येते, तेव्हा हेच चाललेलं असतं. म्हणजे दाताला धार लावायचं काम दुसरा दातच करतो. लाकडाचा तुकडा दिला नाही म्हणून दात वाढले, असं जे दुकानात सांगतात ते अर्धंच खरं आहे. कुरतडायला द्यावं, त्याचं मन रमतं. पण समोरासमोरचे दात नीट जुळत असतील तर लाकूड नसलं तरी ते बहुतेक वेळा आपली लांबी सांभाळतात.

एकूण १६ दात. चार पटाशीचे, बारा दाढा. वाढतात ते चारच. सशाचे आणि गिनीपिगचे सगळेच दात, दाढांसकट, वाढत राहतात. तिथली दुखणी वेगळी आणि जास्त चिवट. त्यात इथे शिरत नाही.

डॉक्टरांनी चिवड्याचा ओठ बोटाने किंचित वर केला, पाहिलं आणि मला म्हणाल्या, “बी दे.” ही आमची दातांची परीक्षा. सालासकट सूर्यफुलाची बी. दात धड असलेलं जर्बिल बी दोन्ही हातांत आडवी धरतं, फिरवून टोक शोधतं, दातांची कड शिवणीत घालतं आणि टक्. साल दोन शकलं होऊन खाली पडते, गर कधी तोंडात गेला ते कळत नाही. दात वाकडे असलेलं बी उचलतं, फिरवतं, तोंडाशी नेतं, खाली टाकतं, पुन्हा उचलतं. भूक असते, जमत नाही. पाहवत नाही ते. चिवड्याने हां हां म्हणता दोन बिया संपवल्या आणि तिसरी शोधत डॉक्टरांच्या बाहीत शिरला.

“दात उत्तम आहेत,” मी म्हटलं. गृहस्थांचा चेहरा पडला. पट्टी लावून फोटो काढणाऱ्या माणसाला ‘काही करू नका’ हे उत्तर पचत नाही. त्यांना काम द्यावं म्हणून डॉक्टर म्हणाल्या, “दर रविवारी वजन करा. स्वयंपाकघरातला काटा चालेल. लिहून ठेवा.” हे त्यांनी किती मनावर घेतलं ते पुढे येईलच.

दात खरोखर बिघडतात कधी? पडून जबड्याला मार बसला, जन्मतःच जबडा तिरका असला, उतारवय आलं, किंवा एक दात तुटला, की समोरचा झिजायचा थांबतो आणि वाढत सुटतो. तारांच्या पिंजऱ्यातली जर्बिलं गज ओढओढून नाक सोलून घेतात, तसेच दातही हलवून घेतात. त्यांना काचेची खोल टाकी आणि त्यात उकरायला वीतभर भुसा हवा. गज चावायची बुद्धी मग आपोआप कमी होते.

असाच एक म्हातारा नर आमच्याकडे आला होता, तीन वर्षांचा. जर्बिलच्या हिशेबात आजोबाच; बहुतेक जण तीन-चार वर्षंच जगतात. मालकीणबाई रात्रपाळीच्या कामावरून थेट आलेल्या. वरचा एक दात तुटलेला, म्हणून खालचा वाढून आत वळलेला. त्यांनी इंटरनेटवर पाहून माणसांच्या नेलकटरने तो घरी कापला. “कट्” असा आवाज आला, दात आखूड झाला, सगळे खूश. तीन दिवसांनी हनुवटी ओली, लाळ गळतेय, खाणं बंद.

झालं होतं ते असं. नेलकटर दोन बाजूंनी चेपतो. नख लवचीक असतं, ते तुटतं. दात ठिसूळ असतो, तो फाटतो. आडवा कापायला जावं तर चीर उभी जाते, आणि ती हिरडीपाशी थांबेल याची खात्री नाही. उंदराच्या खालच्या दाताचं मूळ जबड्यात कमान करून पार दाढांच्या खालपर्यंत गेलेलं असतं. त्या वाटेने जंतू आत शिरले की जबड्यात पू धरतो. शिवाय फाटलेल्या दाताची टोकेरी कड जिभेला आणि ओठाला सोलत राहते ती वेगळीच.

दवाखान्यात आम्ही काय करतो, ते एकदा सांगूनच टाकते, कारण बाहेर बसलेल्यांना याचीच सगळ्यात जास्त उत्सुकता असते. उपाशी ठेवत नाही. उंदरांना उलटी होतच नाही, त्यामुळे भुलेत उलटी होऊन गुदमरण्याची धास्ती नाही, आणि इतक्या लहान जीवाला उपवास झेपत नाही. खाली उबदार गादी, कारण एवढंसं अंग भुलेत भराभर गार पडतं. भुलेचा वायू द्यायला कुठल्याही कंपनीचा मास्क एवढ्या तोंडाला बसत नाही, म्हणून आम्ही सिरिंजची नळी कापून मास्क करतो. जर्बिल डोळे मिटतं. डॉक्टर भिंग लावतात. मी दातांच्या मागे आइस्क्रीमच्या काडीसारखी चपटी लाकडी काडी चिरून सरकवते, म्हणजे जीभ सुरक्षित. मग हिऱ्याच्या कणांची बारीक घासणी गर्रर्र करत दाताला लागते. जळक्या शिंगाचा वास येतो. काही सेकंदांत दात हव्या त्या लांबीचा आणि हव्या त्या उतारावर. चेपाचेपी नाही, चीर नाही. कडा पुसायच्या, वायू बंद. मग उठण्याची वाट पाहणं. यातला खरा वेळ त्या वाट पाहण्यातच जातो.

त्या म्हाताऱ्याच्या फाटलेल्या दातावर तेवढ्याने भागलं नाही. वेदनाशामक, प्रतिजैविक, सिरिंजने भरवायची पेज असं सगळं झालं. बाईंनी घरात मांजरासाठी उरलेली अमॉक्सिसिलिनची गोळी द्यायचाही विचार केला होता, हे त्या बोलता बोलता बोलून गेल्या. नशीब, दिली नाही. पेनिसिलिनच्या कुटुंबातली औषधं हॅमस्टर, गिनीपिगसारख्यांना तोंडावाटे दिली तर आतड्यातले चांगले जंतू मरून वाईट माजतात, आणि प्राणी दातापेक्षा औषधानेच जातो. आमच्या कपाटावर यासाठी लाल अक्षरांत चिठ्ठी डकवलेली आहे.

नंतर बाई दर तीन-चार आठवड्यांनी त्याला घेऊन येत राहिल्या. दात घासायचा, वजन घ्यायचं, घरी जायचं. रिसेप्शनवरच्या मुलींनी हळूच हिशेब केला होता. वीसेक पौंडांना मिळणारं जनावर आणि नुसत्या तपासणीची फी त्याच्या दुपटीच्या वर. पण तो हिशेब बाईंसमोर कुणी केला नाही, आणि बाईंनीही कधी विचारला नाही. एकदा डॉक्टरच म्हणाल्या, “याला आता त्रास व्हायला लागला तर मी तुम्हाला सांगेन.” बाई म्हणाल्या, “तुम्ही सांगाल म्हणूनच येते.”

प्रामाणिकपणे आणखी एक सांगायला हवं. कधीकाळी दवाखान्यांतही दात कातरीनेच कापले जायचे. जागेपणी, टॉवेलात गुंडाळून. अजूनही काही अनुभवी पाळणारे घरी कापतात आणि त्यांच्या प्राण्यांना काही होत नाही, हेही मी पाहिलंय. हात बसलेला असतो त्यांचा. तरीही माझं मत बदलत नाही. ज्यांचे प्राणी बरे राहतात ते दवाखान्यात येत नाहीत, आणि ज्यांच्या दातांची चीर मुळापर्यंत जाते ते आमच्या टेबलावर येतात. आमच्या खणात ती जुनी कातरी अजून पडून आहे. खोकी बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापायला फार छान.

आता नखं. इथे किस्सा शाळेचा आहे.

ब्रिटनमध्ये बऱ्याच प्राथमिक शाळांत वर्गाचा म्हणून एक प्राणी असतो. शुक्रवारी तो पाळीपाळीने कुणा ना कुणा मुलाच्या घरी जातो, सोमवारी परत. आमच्या फॉर्मवर मालकाच्या नावापुढे शिक्षिकेने सरळ लिहिलं होतं: इयत्ता दुसरी. या इयत्ता दुसरीच्या जर्बिलचं नख न् नख गुलाबी भागापर्यंत कापलेलं, एका बोटाला खपली. शिक्षिकेला काही पत्ता नव्हता. मग चौकशी झाली. लागोपाठ तीन घरी तो गेला होता आणि तिन्ही घरच्यांनी तीच नखं कापली होती. प्रत्येकाला वाटलं, अरेरे, बिचाऱ्याकडे कुणाचं लक्षच नाही. आणि मुळात कापायची गरजच नव्हती. जर्बिलच्या पुढच्या पायांची नखं लांबच असतात; बिळं खणणाऱ्याला ती लागतात. वीट, फरशीचा तुकडा, वाळूची परात एवढं टाकीत ठेवलं की बहुतेकांची नखं आपसूक झिजतात. कापावी लागतात ती खणणं सोडून दिलेल्या म्हाताऱ्यांची आणि लठ्ठांची, किंवा वळून तळव्यात शिरू लागली तर.

याच वर्गाच्या आधीच्या जर्बिलने शेपटीचं टोक गमावलं होतं. मुलाने पळणाऱ्याला शेपटीने धरलं आणि कातडी मोज्यागत सुटून हातात आली. शिकारी पक्ष्याच्या तावडीतून सुटायची निसर्गाची युक्ती, पण शेपूट पुन्हा येत नाही. उघडं पडलेलं टोक वाळून गळतं, नाहीतर डॉक्टरांना छाटावं लागतं. त्यामुळे शाळेला दिलेल्या वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: शेपटीला हात लावायचा नाही. दुसऱ्या पानावर तक्ता: तारीख, वजन, नखं पाहिली का, कापली का, कुणी. पुढच्या वेळी वही आली तेव्हा मुलांनी एक रकाना स्वतःहून वाढवला होता: तो आनंदी होता का.

नख थोडं जास्त कापलं गेलं तर रक्त येतं आणि माणूस हबकतो. सत्तर ग्रॅमच्या जर्बिलच्या अंगात सगळं मिळून चहाचा एक चमचा भरेल एवढंच रक्त असतं, म्हणून हबकणं चूक नाही. पण एका नखाचं रक्त चिमूटभर कॉर्नफ्लॉर लावून मिनिटभर दाबून धरलं की बहुधा थांबतं. नाकाडोळ्यांतून आलेलं लाल मात्र बहुतेक वेळा रक्त नसतंच. चिवडा-भडंगची ताई, म्हणजे त्या ठाणेकर गृहस्थांची मुलगी, एकदा रडतच आली, “भडंगच्या नाकातून रक्त येतंय.” मी तिला मागच्या खोलीत नेलं, दिवे घालवले आणि त्वचेचे रोग बघायचा जांभळा दिवा नाकाजवळ धरला. नाकाभोवतीचे कण लालसर गुलाबी चमकायला लागले. रक्त असं चमकत नाही. डोळ्यामागच्या एका ग्रंथीचा हा स्राव. त्यात चमकणारं रंगद्रव्य असतं. अंग साफ करताना जर्बिल तो पुसून काढतं. वाळूत लोळायला मिळालं नाही, मन अस्वस्थ असलं की तो नाकाशी साचतो, खाजतो, आणि मग मागच्या पायाची वाढलेली नखं तिथे जखम करतात. म्हणजे औषध काय? वाळू, आणि नखांची टोकं कापणं. ताईने डोळे पुसले आणि विचारलं, “तो दिवा माझ्या दातांवर लावाल?” लावला. निळे चमकले. स्वारी खूश होऊन गेली.

नखं कापायची म्हटल्यावर ठाणेकर कुटुंबात जे रण माजलं, त्याचा व्हिडिओ मी पाहिला आहे. वडिलांच्या हातात ओव्हनचे जाड मोजे, आईच्या हातात कुत्र्याची नखं कापायची भली मोठी कातरी, मुलगी सोफ्यावर उभी. भडंग पडद्याच्या दांडीवर.

सोडवणूक केली ती फलटणहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजींनी, वहिनींच्या, म्हणजे गृहस्थांच्या बायकोच्या, आईंनी. पहिल्यांदा त्या नातीसोबत दवाखान्यात आल्या तेव्हा बराच वेळ टाकीकडे बघत बसल्या.

“आमच्याकडं शेतात ह्येलाच औषध घालत्यात,” त्या म्हणाल्या.

“आजी, तो वेगळा. आपल्याकडच्या माळरानावरचा. याचा लांबचा चुलतभाऊ.”

“चुलतभावाला औषध आन ह्येला डागदर!”

नात लाजून लाल. आजींनी मग जवळ वाकून पाहिलं. “दात दाखव की गं पोरी. आदत हाय का जुळलाय?” त्यांच्या घरी बैलजोडी होती, बाजारात जनावर घेताना दात बघून वय ठरवायचं, हे त्यांच्या अंगवळणी. बैलाला वर पुढचे दात नसतात, खाली आठ. दुधाचे दात असेतो आदत. मग जोडीजोडीने कायमचे येत जातात, दुसा, चौसा, सहादाती, आणि आठही आले की जुळला. मी सांगितलं, याला दुधाचे दात नसतातच, पहिले तेच शेवटचे, दातांवरून वय कळत नाही.

“मग घेताना वय कसं कळायचं?”

“दुकानदार सांगेल ते.”

“म्हंजे फशिवत असणार,” आजींनी निकाल दिला.

नखांवरचा त्यांचा उपाय मात्र असा होता की डॉक्टरांनी दोनदा विचारून घेतला. आजी कोरड्या बाथटबमध्ये उशी टाकून बसल्या. निसटलं तरी गुळगुळीत टबातून वर चढता येत नाही, पडद्याचा प्रश्नच मिटला. हातात गव्हाची चाळण, तिच्यात भडंग आणि दोन-चार बिया. भडंग बी फोडण्यात गुंग. त्याच्या बोटांची नखं चाळणीच्या भोकांतून खाली आलेली. जावई टबाबाहेर गुडघ्यांवर बसून खालून बाळाच्या नखांच्या छोट्या कातरीने एकेक टोक उडवतायत, मुलगी मोबाइलचा टॉर्च धरून गुलाबी रेघ कुठे संपते ते दाखवतेय. आवळणं नाही, झटापट नाही. एका वेळी एकच पाय, बाकीचे उद्या. मध्येच भडंगने पाय ओढला की आजी म्हणत, “उगं राहा की रं,” आणि जावयांना, “तुमी बी दमानं घ्या जरा, घाई कशाची?” जाळीदार झाकणाची अशी युक्ती इथले पाळणारेही वापरतात, पण चाळण आजींची. डॉक्टरांनी भारतीय वाणसामानाच्या दुकानातून तशीच एक आणवली. ती आता भुलेच्या यंत्राशेजारी खिळ्याला अडकवलेली असते आणि नवे लोक तिच्याकडे बघून काहीबाही अंदाज बांधतात. घरातल्या चाळणीचं विचाराल तर वहिनींनी ती स्वयंपाकघरात परत घेतली नाही.

आणि वजन. खरं सांगायचं तर आमच्या मागच्या खोलीतलं सर्वांत कामाचं हत्यार एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा काटा हेच आहे. काट्यावर दह्याचा रिकामा डबा, त्यात जर्बिल. दात, पोट, मूत्रपिंड, काहीही बिघडलं तरी हा प्राणी दुखणं लपवतो. जंगलात लंगडणारा आधी उचलला जातो. पण वजन त्याला लपवता येत नाही. सत्तरमधले दहा ग्रॅम गेले म्हणजे सातवा हिस्सा गेला, आणि केसांमुळे ते डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून वाढलेल्या दातांचे पेशंट आम्हाला बहुधा आकड्यांतून आधी कळतात, तोंड उघडून नंतर.

हे सगळं त्या ठाणेकर गृहस्थांना मीच पढवलं होतं. त्यांनी एक्सेलमध्ये दोघांचे आलेख सुरू केले होते, चिवडा निळा, भडंग नारिंगी. एका सोमवारी दवाखाना उघडायच्या आत ते दाराशी हजर. हातात छापील कागद, दोन्ही रेघा एकदम खाली कोसळलेल्या. “ताई, एका आठवड्यात दोघांचे नऊ-नऊ ग्रॅम. दोघांचेही! दात असणार. किंवा काहीतरी साथ.” डॉक्टरांनी कोटसुद्धा न काढता दोघांना आत घेतलं. दोघांनी बिया फोडल्या, टक् टक्. आमच्या काट्यावर दोघांचं वजन मागच्या महिन्याएवढंच, चिवड्याचं तर एक ग्रॅम जास्तच.

डॉक्टर म्हणाल्या, “उद्या घरचा काटा घेऊन या.” दुसऱ्या दिवशी त्यांनी आणला. एक किलो साखरेची न फोडलेली पिशवी ठेवली, काटा आठशे ऐंशी म्हणाला. मी मागचं झाकण उघडून आमच्या खणातली नवी बॅटरी घातली. एक हजार तीन. डॉक्टरांनी फी लावली नाही. गृहस्थांनी मात्र तिथेच उभं राहून मोबाइलवर आलेख उघडला, कोसळलेले दोन्ही बिंदू पुसले आणि खाली टीप घातली: साधनदोष.